जुने खेळ, नवे यंत्र आणि कायद्यातील रिकामी जागा

(विशेष प्रतिनिधी)

नंदुरबार : पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी अनेक घरे कर्जात बुडवल्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैशांचे खेळ बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता, असा या कायद्याचा सरळ अर्थ आहे. त्यावर देशभर चर्चा झाली. तथापि खेळांच्या बाजारातील एक वस्तू या चर्चेच्या कक्षेबाहेरच राहिली. तळहातावर मावणारे, साडेतीन इंची पडद्याचे आणि बॅटरीवर चालणारे हे यंत्र आहे. त्याला इंटरनेट लागत नाही, त्यावर पैसे लावता येत नाहीत आणि त्यात खेळ असतात ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे : मारिओ, कॉन्ट्रा आणि त्यांची भावंडे. काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत किंमत असलेली ही हँडहेल्ड यंत्रे ऑनलाइन दुकानांतून आज कोणत्याही गावी मागवता येतात.

नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने पाहिले तर हे यंत्र जणू इथल्यासाठीच घडवले असावे, असे वाटते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात वाटले गेले, हा या जिल्ह्याचा मान. मात्र सातपुड्याच्या कुशीतील धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांच्या अनेक पाड्यांवर मोबाइलचा संपर्क आजही भरवशाचा नाही. जिथे इंटरनेटच लंगडत चालते, तिथे इंटरनेटशिवाय चालणारा खेळ ही सोय ठरते. मुलांच्या हातात मोबाइल देण्यापेक्षा हे बरे, असा विचार करणारे पालकही चुकीचे ठरत नाहीत.

प्रश्न पुढे आहे. या यंत्रात आधीच भरून आलेले हजारो खेळ नेमके कोणाचे? त्यांचे पैसे कोणाला मिळाले? आणि कोणालाच मिळाले नसतील, तर हे खेळ मिळवण्याचा सरळ मार्ग ग्राहकापुढे आहे का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून आपल्या स्वामित्वहक्क कायद्यातील एक मोठी रिकामी जागा दिसू लागते.

यंत्र कसे चालते?

प्रत्येक जुन्या खेळयंत्राची स्वतःची चिप होती आणि खेळ त्या चिपच्याच भाषेत लिहिलेला असे. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या चिपचा वेग जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झ होता आणि कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटमध्ये मावतो. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट मोठे असते.

नव्या हँडहेल्डमध्ये ती जुनी चिप नसते. त्यात मोबाइलच्या जातीची साधी चिप असते आणि तिच्यावर 'एम्युलेटर' नावाचा प्रोग्रॅम चालतो. जुन्या खेळाची एकेक आज्ञा वाचायची, जुन्या चिपने जे केले असते तेच करून दाखवायचे आणि तेही त्याच वेगाने, हे एम्युलेटरचे काम. दुभाषा जसा वाक्यामागून वाक्य सांगत जातो तसेच हे आहे. मूळ वक्त्याची नक्कल तो करत नाही, त्याचे म्हणणे दुसऱ्या भाषेत पोहोचवतो. जगभरातील हौशी प्रोग्रॅमरांनी वर्षानुवर्षे खपून असे दुभाषे तयार केले आहेत. पार्लरमधल्या यंत्रांसाठीचा 'मेम' १९९७ मध्ये सुरू झाला. 'रेट्रोआर्क' आणि प्लेस्टेशन पोर्टेबलसाठीचा 'पीपीएसएसपीपी' हे त्यातील आणखी दोन प्रसिद्ध. यातील बहुतेक मोफत आहेत आणि त्यांचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला आहे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. एम्युलेटर हा दुभाषा आहे. खेळाची फाइल, जिला या क्षेत्रात 'रॉम' म्हणतात, ती मूळ कृतीची प्रत आहे. कायद्याचा सगळा वाद या दोहोंमधील अंतरावर उभा आहे.

कॅसेटच्या काळापासून

महाराष्ट्रातील गावांना नकली खेळयंत्रे नवी नाहीत. नव्वदच्या दशकात ज्यांनी दूरचित्रवाणी संचाला व्हिडिओ गेम जोडला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी निन्टेंडोचे मूळ यंत्र कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्या घरी होती ती फॅमिकॉमची नक्कल. खेळाच्या कार्ट्रिजला सारेजण 'कॅसेट' म्हणत आणि '९९९९ इन वन' असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच चार-सहा खेळ फिरून फिरून येत. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय. पुढच्या दशकात भारनियमनाने ग्रामीण भागाचे तासन्‌तास अंधारात घालवले आणि विजेवर चालणाऱ्या त्या यंत्रांपेक्षा मोबाइलवरचे छोटे जावा खेळ लोकांच्या जवळचे झाले.

मूळ वस्तू महाग किंवा दुर्मीळ आणि नक्कल स्वस्त व हाताशी, हीच आपल्याकडील खेळांची वाटचाल राहिली. आजचे हँडहेल्ड हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. फरक एवढाच की कॅसेटमधले आकडे खोटे होते, नव्या यंत्राच्या मेमरी कार्डवरचे हजारो खेळ बहुतांशी खरे असतात. म्हणूनच हक्काचा प्रश्नही खरा आणि मोठा आहे.

दुभाष्याला मुभा, प्रतीला नाही

एम्युलेटर बनवणे हा गुन्हा नाही, हे अमेरिकेतील न्यायालयांनी फार पूर्वी स्पष्ट केले. १९९२ च्या सेगा विरुद्ध अकोलेड खटल्यात, दुसऱ्याच्या यंत्राशी जुळणारा प्रोग्रॅम करण्यासाठी मूळ प्रोग्रॅमची उकल करणे मान्य झाले. २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात तेच तत्त्व थेट एम्युलेटरला लागू झाले. याउलट २०२४ मध्ये निन्टेंडोने 'युझू' या एम्युलेटरच्या कर्त्यांवर दावा लावला. त्याचा मुद्दा वेगळा होता. ज्या यंत्राचे खेळ अद्याप बाजारात विकले जात होते, त्यांचे कुलूप तोडण्यास मदत केल्याचा तो आरोप होता. काही दिवसांतच २४ लाख डॉलर देण्याच्या तडजोडीवर तो मिटला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने आपल्या दुकानात जुन्या खेळांच्या एम्युलेटरना परवानगी दिली. म्हणजे जुन्या खेळांचा दुभाषा आता मोठ्या कंपन्यांच्या अंगणातही वावरतो आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचा दर्जा आहे. कलम ५२ मध्ये प्रोग्रॅमसंबंधी काही मुभा दिल्या आहेत. प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत करता येते. दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी उकल करता येते. स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, व्यापारी हेतू नसलेल्या वैयक्तिक वापरासाठी प्रत काढता येते. या तरतुदींची भाषा पाहता, आपण विकत घेतलेल्या जुन्या खेळाची प्रत आपल्याच हँडहेल्डवर खेळणाऱ्याच्या बाजूने भक्कम युक्तिवाद करता येईल.

मात्र दहा हजार खेळ भरून यंत्र विकणाऱ्याला यातील एकही मुभा लागू होत नाही. तो खेळांचा मालक नाही, त्याची प्रत कायदेशीर नाही आणि त्याचा हेतू उघड व्यापारी आहे. खेळ जुना आहे म्हणून तो मोकळा झाला, हा समजही चुकीचा. प्रकाशनानंतरची ६० वर्षे असा हिशेब धरला, तरी १९८५ चा खेळ २०४५ पूर्वी हक्कमुक्त होत नाही. कलम ६३-ब नुसार प्रोग्रॅमची अवैध प्रत जाणीवपूर्वक वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

या व्यवहारात फसवणूक केवळ खेळ करणाऱ्यांची होते असेही नाही. काही एम्युलेटर फक्त बिगर व्यापारी वापरासाठी मोफत दिले जातात. 'एसनेस९एक्स' हे त्याचे ठळक उदाहरण. असा प्रोग्रॅम यंत्रात घालून विकणारा त्या हौशी प्रोग्रॅमरच्या अटींनाही पायदळी तुडवतो. इटलीत डिसेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी सुमारे १२ हजार यंत्रे जप्त केली. त्यांत मिळून ४ कोटी ७० लाख अवैध प्रती होत्या. तिथे आक्षेपाचा आणखी एक भाग सुरक्षिततेचा होता. हा मुद्दा आपल्यासाठीही महत्त्वाचा आहे. भारतात व्हिडिओ गेमच्या यंत्रांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. यंत्रावर नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे आणि 'बीआयएस केअर' ॲपवर तो पडताळावा. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या स्वस्त बॅटरीची जोखीम शेवटी ग्राहकाच्याच घरात असते.

विटीदांडूचे काय होणार?

येथवर प्रश्न सोपा वाटतो : चोरीचा माल घेऊ नये. पण मग सरळ मार्गाने जुना खेळ कुठून घ्यावा? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. ही स्थिती खेळांच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एकीची आहे.

या तोट्यात आपलाही वाटा आहे, याची जाणीव फारशी कोणाला नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान : बॉय वॉरियर' हा खेळ केला. भारतात तयार झालेला त्या यंत्राचा तो पहिला खेळ. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्र कंपनीचा 'देसी अड्डा' आला. विटीदांडू, कबड्डी, पतंगबाजी हे आपल्या मातीतले खेळ त्यात प्रथमच प्लेस्टेशनवर आणि त्याच्या हातात धरायच्या यंत्रावर खेळता आले. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्लीतल्या क्रिकेटवर 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' काढला.

प्लेस्टेशन २ चे उत्पादन २०१३ च्या सुरुवातीपर्यंत थांबले आणि पोर्टेबलची विक्रीही त्यानंतर लवकरच आटोपली. आज हा विटीदांडू खेळायचा तर जुनी तबकडी, ती वाचू शकणारे चालू यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर, असे तिन्ही हवेत. ते जमले नाही तर एम्युलेटर हाच एक मार्ग उरतो. १९९९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इंडियागेम्सने जावा फोनसाठी केलेल्या खेळांची अवस्था याहून बिकट. ते खेळ मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवरून थेट फोनमध्ये उतरत. तबकडी नाही, कॅसेट नाही. पोर्टल बंद झाले, फोन बाद झाले आणि कंपनी डिस्नेच्या पसाऱ्यात विलीन झाली. ते खेळ उरले असतील तर कोणा हौशी संग्राहकाने जपलेल्या प्रतींमध्ये.

चित्रपटांच्या बाबतीत आपण ही किंमत एकदा मोजली आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या 'आलम आरा' या भारताच्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, तेहतीस वर्षांनी. तोवर असंख्य चित्रपट नष्ट झाले होते. 'देसी अड्डा'ला सोळाहून अधिक वर्षे झाली आहेत. खेळांसाठी असे संग्रहालय अद्याप नाही.

ग्रंथालयाचे हात बांधलेले

चोराने प्रत ठेवली म्हणून खेळ वाचला, हे समर्थन समाजाला शोभणारे नाही. पण मग जपणूक करायची कोणी? साहजिकच सार्वजनिक ग्रंथालयाने. नेमके येथेच आपल्या कायद्याचे पाऊल अडखळते.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये ग्रंथालयांसाठी एक स्वागतार्ह मुभा आली. बिगर व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून असली पाहिजे. ग्रंथ, हस्तलिखित, जुने वर्तमानपत्र यांच्यासाठी ही अट रास्त आहे. परंतु व्हिडिओ गेमला बिगर-डिजिटल प्रत असतेच कुठे? कॅसेट, तबकडी, फोनमधील फाइल ही सारी रूपे जन्मतःच डिजिटल. कायद्याने दार उघडले आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज त्याच्यापुरते उंबरठ्यावर बंद ठेवले. घरातील व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी प्रत काढता येते, पण सर्वांसाठी जपणाऱ्या ग्रंथालयाला तीच गोष्ट करताना कायद्याचा स्पष्ट आधार मिळत नाही, अशी ही विसंगती.

कर्त्याचा ठावठिकाणा लागत नसलेल्या कृतींसाठी कलम ३१-अ मध्ये सक्तीच्या परवान्याची वाट आहे. त्यासाठी एकेका कृतीमागे इंग्रजी दैनिकात प्रस्ताव प्रसिद्ध करणे आणि अर्ज करणे आले. पाचशे रुपये किमतीच्या खेळासाठी हा खटाटोप कोणते ग्रंथालय करील? पुस्तकांची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे जमा करण्याची सक्ती १९५४ च्या कायद्याने केली. खेळ त्या कायद्यातही बसत नाहीत. अमेरिकेतही चित्र फारसे आशादायक नाही. संशोधकांना जुने खेळ ग्रंथालयातून दूरस्थपणे पाहू द्यावेत, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. लोक संशोधनाऐवजी करमणुकीसाठी खेळतील, ही खेळ उद्योगाची भीती त्यामागे होती. ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. कंपन्या अधूनमधून जुने खेळ नव्या वेष्टनात विकतात आणि त्या विक्रीवर त्यांचा हक्क आहे. मात्र जो खेळ दहा-पंधरा वर्षे कोणी विकलाच नाही, त्याच्या जतनाने कोणाचे कोणते उत्पन्न बुडते, याचे उत्तर उद्योगाने द्यायला हवे.

काय करता येईल?

पहिली दुरुस्ती छोटी आहे. ग्रंथालयविषयक मुभेतील 'बिगर-डिजिटल' ही अट संगणक प्रोग्रॅमपुरती काढावी आणि बाजारात उपलब्ध नसलेल्या खेळाची जतनप्रत ग्रंथालयाच्या आवारात, एम्युलेटरवर, खेळू देण्याची स्पष्ट परवानगी द्यावी. याने विक्रीत असलेल्या खेळांना धक्का लागत नाही.

दुसरी बाब राज्य सरकारच्या हाती आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंग क्षेत्रासाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. सार्वजनिक पैशातून ज्या खेळाला अनुदान मिळेल, त्याची एक प्रत व मूळ आराखडा जतनासाठी जमा करण्याची अट सरकारला घालता येईल. चित्रपटांनी शिकवलेला धडा खेळांना आयता मिळावा, एवढीच त्यामागची अपेक्षा.

तिसरी बाब जिल्ह्याच्या आवाक्यातील आहे आणि तिला कायद्यात बदल होण्याची वाट पाहावी लागत नाही. हे हँडहेल्ड केवळ जुने खेळ खेळण्याचे साधन नाही. १९८९ च्या गेम बॉय यंत्रासाठी नवे खेळ आजही लिहिले जातात. 'जीबी स्टुडिओ' या मोफत साधनाने प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही साधा खेळ रचता येतो आणि तो एम्युलेटर असलेल्या कोणत्याही स्वस्त हँडहेल्डवर चालतो. गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा आणि चित्राची वीट ८ गुणिले ८ ठिपक्यांची. रोमन अक्षर तेवढ्यात बसते. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने एका अक्षरासाठी एकावर एक दोन विटा रचाव्या लागतील. पण ही अडचण सोडवताना विद्यार्थी संगणक कसा विचार करतो हे शिकेल. आश्रमशाळा किंवा आयटीआयमध्ये असा एक प्रयोग झाला, पावरी, भिलोरी किंवा अहिराणीत एक खेळ तयार झाला, तर तो कोणाच्याही हक्कावर अतिक्रमण न करता इंटरनेट नसलेल्या पाड्यावरही खेळता येईल.

पालकांनी करण्यासारखे काम साधे आहे. यंत्र घ्यायचे असेल तर ते यंत्र म्हणून घ्यावे, हजारो खेळांच्या आमिषाने नव्हे. नोंदणी क्रमांक पाहावा. कर्त्यांनीच मोफत वाटलेले नवे खेळ भरपूर आहेत, ते आधी वापरावेत. जुन्या यंत्राच्या कॅसेट वा तबकड्या माळ्यावर असतील तर त्या भंगारात घालू नयेत. उद्या एखाद्या ग्रंथालयाला कायद्याने हात मोकळे करून दिलेच, तर जपण्यासाठी मूळ वस्तू शिल्लक तरी असायला हवी.

ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैशांचा प्रश्न हातात घेतला, हे योग्यच झाले. आता वारशाचा प्रश्न घ्यायला हवा. भारताने प्लेस्टेशनवर उतरवलेला पहिला विटीदांडू पाहायला पुढच्या पिढीला चोरबाजारात जावे लागणार की ग्रंथालयात, याचा निर्णय संसदेला काही ओळींच्या दुरुस्तीने करता येण्यासारखा आहे. तबकड्यांचे आयुष्य मात्र त्या निर्णयाची वाट पाहत थांबणारे नाही.